पीएसए वाढलाय, एमआरआय झालाय: वडिलांचा प्रोस्टेटचा रिपोर्ट कसा वाचायचा

एमआरआयचं पाकीट घरी आलं की सगळ्यांची नजर थेट शेवटच्या पानावर जाते. तिथे 'इम्प्रेशन'च्या खाली 'पायरॅड्स ४' असं लिहिलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, "चौथी स्टेज आहे." एवढ्या एका वाक्याने घर हादरतं. पायरॅड्सचा स्टेजशी काहीही संबंध नाही. लक्ष देण्याजोगा कॅन्सर प्रोस्टेट ग्रंथीत असण्याची शक्यता रेडिऑलॉजिस्टला कितपत वाटते, एवढंच तो १ ते ५ मधला आकडा सांगतो. कॅन्सर आहे की नाही, आणि असला तर किती आक्रमक, हे बायोप्सीचे, म्हणजे सुईने काढलेले ग्रंथीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच कळतं.

म्हणून शेवटची ओळ शेवटीच वाचा. आधी पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा) खरा किती ते ठरवा, मग स्कॅन नीट निघालाय का ते बघा, मग ग्रंथी केवढी आहे ते मोजा. हे तीन झाल्यावर त्या ४ ला काय वजन द्यायचं ते कळायला लागतं.

हे मार्गदर्शन साठी-सत्तरीतल्या, पीएसए वाढलेल्या आणि प्रोस्टेट कॅन्सरचा कुठलाही उपचार न झालेल्या गृहस्थांसाठी आहे. शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा हार्मोनची इंजेक्शनं झाली असतील तर पायरॅड्स लागू होत नाही, त्यांचा एमआरआय वेगळ्या नजरेने वाचतात.

बसण्यापूर्वी टेबलावर एवढं घ्या: आजवरचे सगळे पीएसए रिपोर्ट तारखेनुसार लावून, चालू औषधांच्या पट्ट्या (चिठ्ठी नको, पट्ट्याच घ्या), एमआरआयचा रिपोर्ट आणि त्याची सीडी.

पायरी १: पीएसए खरा किती?

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन. ते कॅन्सरने वाढतं, तसंच वयानुसार मोठ्या झालेल्या ग्रंथीने वाढतं, लघवीच्या जंतुसंसर्गाने वाढतं, लघवी तुंबून नळी घालावी लागली तरी वाढतं. लॅबच्या कागदावर ४ च्या वर गेलं की ठळक अक्षरात छापतात, पण ती रेघ सगळ्या वयांना सारखी लावणं बरोबर नाही. साठीत साधारण ४.५ पर्यंत आणि सत्तरीत ६.५ पर्यंतचा आकडा त्या वयाला चालण्यासारखा धरतात.

संसर्ग झाला असेल किंवा नळी घातली असेल तर पीएसए खाली यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तापात, जळजळ होत असताना काढलेल्या पीएसएवरून एमआरआयला धावू नये. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर, गरज असेल तर उपचार, मग त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि ६.१ चा ७ झाला तर तो रोगाने झाला की यंत्राने, हे सांगता येत नाही. तपासणीच्या आधी दोन दिवस संबंध आणि लांबची सायकल टाळावी.

आता औषधांच्या पट्ट्या. इथे सर्वांत मोठी चूक होते. लघवीची धार सुटावी म्हणून दिलेल्या गोळ्यांमध्ये टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन असतं, त्याने पीएसए बदलत नाही. पण त्याच गोळीत बऱ्याचदा ड्युटास्टेराइड जोडलेलं असतं. काही ब्रँडच्या नावाच्या शेवटी 'डी' असतो तो त्याचाच. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे बाबा दोन वर्षं ती गोळी घेतायत आणि रिपोर्टमध्ये ३.९ आहे, तर मनात ७.८ धरायचा. केस गळतात म्हणून घेतलेलं १ मिलिग्रॅमचं फिनास्टेराइडही पीएसए खाली आणतं. शिवाय या गोळ्या चालू असताना पीएसए सर्वांत खाली जाऊन पुन्हा चढायला लागला, तर आकडा लहान असला तरी ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. गोळी चालू असल्याचं एमआरआयच्या फॉर्मवर लिहा, कारण रेडिऑलॉजिस्टला ते दुसरीकडून कळत नाही.

पायरी २: स्कॅन कामाचा आहे का?

ज्यांचा एमआरआय अजून व्हायचाय त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय पेल्व्हिस' असेल तर विचारून घ्या. ओटीपोटाचा सर्वसाधारण एमआरआय आणि प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक (अनेक प्रकारची चित्रं घेणारा) एमआरआय या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिल्यात जाड काप घेतात आणि त्यात सात-आठ मिलिमीटरची गाठ सहज निसटते. पैसे खर्च होतात, अर्धा तास मशीनमध्ये जातो आणि हाती काहीच येत नाही.

नीट निघालेल्या प्रोस्टेट एमआरआयमध्ये पुढच्या गोष्टी असतात. रिपोर्टच्या सुरुवातीला 'टेक्निक' म्हणून परिच्छेद असतो, त्यात शोधा:

- मशीन १.५ किंवा ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद). ३ टेस्ला बरं, पण चांगलं चालवलेलं १.५ पुरतं.
- टी-टू चित्रं (ग्रंथीची रचना दाखवणारी), ३ मिलिमीटरचे काप, मध्ये फट न सोडता, किमान दोन दिशांनी.
- डिफ्यूजन चित्रं (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारी), त्यात बी-व्हॅल्यू (या चित्राची एक सेटिंग) १४०० किंवा त्याहून जास्त, आणि सोबत एडीसी मॅप, म्हणजे त्यावरूनच काढलेलं जोडचित्र.
- टी-वन चित्रं: रक्तस्राव, हाडं आणि लसिकाग्रंथी बघायला.
- कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं शिरेतलं औषध) दिलं असेल तर इंजेक्शननंतर काही सेकंदांच्या अंतराने घेतलेली चित्रं.

कॉन्ट्रास्टशिवायही एमआरआय करतात, त्याला बायपॅरामेट्रिक म्हणतात. वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात, किडनी कमजोर असेल तर तेच बरं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राइम अभ्यासात असा स्कॅन कॉन्ट्रास्टच्या स्कॅनपेक्षा कमी पडला नाही. पण त्या अभ्यासात चित्रांच्या दर्जावर कडक नजर होती. डिफ्यूजन खराब निघालं तर कॉन्ट्रास्ट हाच आधार उरतो.

डिफ्यूजन कशाने खराब होतं? बहुतेक वेळा गुदाशयातल्या वाऱ्याने. प्रोस्टेट गुदाशयाला अगदी चिकटून असतं. तिथे हवेचा फुगा असेल तर चित्र त्या बाजूला ओढल्यासारखं वाकडं होतं, आणि ते नेमकं प्रोस्टेटच्या मागच्या भागात, जिथे कॅन्सर सर्वांत जास्त होतो तिथे. म्हणून आत जाण्यापूर्वी शौचाला जाऊन येणं हे साधं काम फार मोलाचं आहे. काही सेंटर आदल्या रात्री किंवा सकाळी एनिमा सुचवतात. आतड्यांची हालचाल थांबवणारं इंजेक्शनही कधी देतात. काचबिंदू असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा लघवी तुंबत असेल तर ते आधीच सांगा, ते इंजेक्शन अशांना देत नाहीत. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र हे तर सांगायचंच. खुब्याचा कृत्रिम सांधा असेल तर एमआरआय बहुधा करता येतो, पण धातूमुळे डिफ्यूजन बिघडण्याची तयारी ठेवा.

बायोप्सी आधी झाली असेल तर निदान सहा आठवडे जाऊ द्या. ग्रंथीत साकळलेलं रक्त टी-टूवर काळं दिसतं आणि कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतं. टी-वनवर मात्र ते पांढरं दिसतं, त्यावरून ओळखता येतं. रिपोर्टमध्ये 'हेमरेज' असा शब्द असेल तर बायोप्सीची तारीख आणि स्कॅनची तारीख शेजारी ठेवून बघा.

पायरी ३: मोजा आणि भागाकार करा

यासाठी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच आहे.

रिपोर्टमध्ये प्रोस्टेटची तीन मापं असतात. ती सेंटिमीटरमध्ये घ्या (मिलिमीटरमध्ये असतील तर १० ने भागा), एकमेकांना गुणा आणि ०.५२ ने गुणा. आलं ते आकारमान, सीसीमध्ये. मग पीएसएला त्या आकारमानाने भागा. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात: ग्रंथीच्या प्रत्येक सीसीमागे किती पीएसए.

समजा दोन गृहस्थ आहेत, दोघे ७२ वर्षांचे, दोघांचा पीएसए ७.८.

पहिल्यांचं माप ५.४ × ४.८ × ५.० सेंटिमीटर. गुणाकार १२९.६, त्याला ०.५२ ने गुणलं की ६७ सीसी. ७.८ भागिले ६७ म्हणजे ०.१२.

दुसऱ्यांचं माप ४.० × ३.२ × ३.६. गुणाकार ४६, गुणिले ०.५२ म्हणजे २४ सीसी. ७.८ भागिले २४ म्हणजे ०.३३.

तरुणपणी प्रोस्टेट आवळ्याएवढं, २० ते २५ सीसीचं असतं. पहिल्या गृहस्थांचं वाढून मोठ्या लिंबाएवढं झालंय. एवढी ग्रंथी एवढं पीएसए बनवणारच. दुसऱ्यांची ग्रंथी आवळ्याएवढीच राहिली आहे, मग हा पीएसए येतो कुठून? संशय तिथे घ्यायचा. ०.१० च्या खाली दिलासा, ०.१५ च्या वर सावध, ०.२० च्या वर गेलं तर एमआरआय स्वच्छ असला तरी युरॉलॉजिस्ट बायोप्सीचा विषय काढतात.

आता यातच औषध मिसळा. पहिले गृहस्थ वर्षभर ड्युटास्टेराइड घेत असतील तर खरा पीएसए १५.६ धरायचा, आणि डेन्सिटी होते ०.२३. कागदावरचा एकही आकडा न बदलता उत्तर उलटं झालं. पट्ट्या टेबलावर आणा असं म्हटलं ते याचसाठी.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधलं माप यात वापरू नका. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आकारमान बऱ्यापैकी चुकतं, आणि भागाकारात चूक तशीच उतरते.

पायरी ४: चित्र उघडून बघा

सीडीतल्या चित्रावरून घरी निदान करायचं नाही. पण रिपोर्टमधले शब्द कुठे बसतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

टी-टूचे आडवे काप उघडा. आपण रुग्णाच्या पायांकडून वर बघतोय असं समजायचं. त्यामुळे त्यांची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. चित्रात वर पोट, खाली पाठ. मधोमध जो गोलसर अवयव दिसतो ते प्रोस्टेट, त्याच्या खाली चिकटून गुदाशय.

प्रोस्टेटमध्ये दोन भाग सहज कळतात. खालच्या कडेला एक पांढुरकी चंद्रकोर असते, तो पेरिफेरल झोन. सुमारे ७० ते ७५ टक्के कॅन्सर इथे उगवतात. चंद्रकोरीच्या कुशीत, मूत्रनलिकेच्या दोन्ही बाजूंना, ट्रान्झिशन झोन. वय वाढतं तसा हाच फुगतो आणि लघवीचा त्रास देतो. वयस्कर माणसात तो फोडलेल्या सीताफळासारखा दिसतो: लहानमोठे गोल दाणे, काही पांढरे, काही करडे, काही काळे, प्रत्येकाला स्वतःची साल. हे दृश्य भीतीदायक वाटतं, पण सालीत नीट गुंडाळलेला गोल दाणा ही वयाची खूण आहे. या फुगवट्याखाली चंद्रकोर इतकी दाबली जाते की काही चित्रांत ती कागदाच्या पट्टीएवढी उरते, आणि त्या पट्टीतला बारीक डाग शोधणं अनुभवी डोळ्यांनाही जड जातं.

आता डिफ्यूजन. पाण्याचे कण मोकळ्या जागेत फिरतात, खचाखच भरलेल्या पेशींत अडकतात. कॅन्सर म्हणजे पेशींची गर्दी. म्हणून तो उच्च बी-व्हॅल्यूच्या चित्रावर पांढरा चमकतो आणि एडीसी मॅपवर त्याच जागी काळा दिसतो. दोन्ही हवं: एका चित्रावर पांढरं आणि दुसऱ्यावर काळं. एडीसीचा आकडा ७५० ते ९०० च्या खाली गेला की संशय वाढतो, पण तो मशीनगणिक बदलतो, तेव्हा दोन सेंटरचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करू नये.

पायरी ५: आता तो आकडा

रिपोर्टमधलं एक नेहमीचं वाक्य घेऊ: 'लेफ्ट पोस्टेरोलॅटरल पेरिफेरल झोन, मिड-ग्लँड, ११ × ८ मिमी, टी-टू हायपोइंटेन्स फोकस विथ मार्क्ड डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन, पायरॅड्स ४.'

म्हणजे डाव्या बाजूला, मागे आणि कडेला, चंद्रकोरीत. ग्रंथीचे वरून खाली तीन मजले धरतात: मूत्राशयाला लागून असलेला बेस, मधला मिड आणि खालचा एपेक्स. हा डाग मधल्या मजल्यावर. लांबी ११ मिलिमीटर. टी-टूवर काळा. डिफ्यूजनमध्ये पाणी चांगलंच अडकलेलं.

मग ५ का नाही? कारण लांबी १५ मिलिमीटरच्या आत आहे आणि डाग ग्रंथीबाहेर गेलेला नाही. हाच डाग १५ किंवा जास्त असता, किंवा बाहेर शिरताना स्पष्ट दिसला असता, तर ५. चार आणि पाच यांत फरक आहे तो एवढाच.

आकडा ठरवताना प्रत्येक प्रकारच्या चित्राला आधी स्वतंत्र गुण देतात, आणि झोनप्रमाणे मुख्य चित्र बदलतं. चंद्रकोरीत डिफ्यूजनचा शब्द अंतिम, फुगलेल्या मधल्या भागात टी-टूचा. चंद्रकोरीत डिफ्यूजनने ३ दिला आणि कॉन्ट्रास्टमध्ये तीच जागा लवकर उजळली, तर तो ४ होतो. मधल्या भागात टी-टूने २ दिला पण डिफ्यूजन ४ किंवा ५ असेल तर ३ होतो, टी-टू ३ आणि डिफ्यूजन ५ असेल तर ४. हे नियम २०१९ च्या २.१ आवृत्तीतले. रिपोर्टमध्ये 'व्हर्जन २.१' लिहिलंय का ते बघा. आणि मधल्या भागातला डाग केवळ डिफ्यूजनच्या जोरावर ४ झाला असेल, टी-टूचं वर्णनच नसेल, तर दुसरं मत घेण्यासारखं आहे.

ढोबळ हिशेब असा: लक्ष देण्याजोगा कॅन्सर पायरॅड्स १ आणि २ मध्ये शंभरातल्या मोजक्या दोन-चार जणांत, ३ मध्ये साधारण पाचातल्या एकात, ४ मध्ये निम्म्यांत, ५ मध्ये दहातल्या नऊ जणांत सापडतो. म्हणजे ४ चा रिपोर्ट घेऊन बसलेल्या दोन घरांपैकी एका घरी बायोप्सीत तसलं काही निघत नाही. पण हे आकडे जिथे रोज प्रोस्टेट बघतात अशा केंद्रांतले आहेत. २०१७ मध्ये ब्रिटनच्या प्रॉमिस अभ्यासात ५७६ पुरुष होते. त्यात एमआरआय स्वच्छ असलेल्या दर दहांपैकी साधारण एकात महत्त्वाचा कॅन्सर बायोप्सीत निघालाच. स्वच्छ एमआरआय मोठा दिलासा आहे, पण पीएसएवर लक्ष ठेवणं त्याने सुटत नाही.

पायरी ६: कॅन्सरसारखं दिसणारं, पण कॅन्सर नसलेलं

सर्वांत जास्त फसवते ती सूज, प्रोस्टेटायटिस. ती चंद्रकोरीत पाचरीच्या आकारात किंवा सगळीकडे पसरून धूसर काळपट दिसते. डिफ्यूजन थोडंसं अडतं, फार नाही. रिपोर्टमध्ये 'डिफ्यूज' किंवा 'वेज-शेप्ड' असे शब्द आले की मनावरचा ताण थोडा उतरवायला हरकत नाही.

आपल्याकडे क्षयाची शक्यता कायम मनात ठेवावी लागते. प्रोस्टेटच्या क्षयात, किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचं औषध आत सोडलेल्या माणसात, ग्रॅन्युलोमॅटस सूज येते. ती काळी दिसते, डिफ्यूजन जोरात अडवते, ग्रंथीबाहेरही पसरलेली वाटते. चित्रावर ती थेट पायरॅड्स ५ दिसते. तिला कॅन्सरपासून वेगळं ओळखायला बायोप्सीशिवाय उपाय नाही. बाबांना पूर्वी क्षय झाला असेल, फुप्फुसाचा का असेना, किंवा बीसीजी दिलं असेल तर बायोप्सीच्या आधीच सांगा. मग डॉक्टर एक तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये ठेवून क्षयाच्या तपासणीला पाठवू शकतात. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेल्यावर हे आठवलं तर कल्चर करता येत नाही.

मधुमेही माणसाला थंडी वाजून ताप, लघवीला आग आणि एमआरआयमध्ये कडेने उजळणारा पाण्याचा कप्पा असं असेल तर ते गळू असू शकतं. त्यात पीएसए कितीही वाढतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

याशिवाय बेसजवळ मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा काळा दिसणारा भाग हा बहुधा सेंट्रल झोन असतो, आणि तो जन्मापासून तसाच असतो. अगदी पुढे मध्यभागी स्नायूंचा काळा पट्टा असतो. तो एडीसीवर काळा दिसतो, पण उच्च बी-व्हॅल्यूवर चमकत नाही आणि कॉन्ट्रास्टमध्ये लवकर उजळत नाही. आणि सीताफळाचा एखादा दाणा चंद्रकोरीत सरकून बसलेला असतो, गोल आणि साल शाबूत. या तिन्हींत पारख सारखीच: दोन्ही बाजूंना सारखं असेल, किंवा सालीत बंद असेल, तर संशय कमी.

पायरी ७: ग्रंथीच्या बाहेर

रिपोर्टच्या खालच्या अर्ध्या भागात चार गोष्टी शोधा. कॅप्सूल, म्हणजे ग्रंथीची बाहेरची कड: 'अब्युट्स' म्हणजे डाग कडेला टेकलाय, 'इर्रेग्युलर' किंवा 'बल्ज' म्हणजे कड फुगलीय, 'एक्स्ट्राप्रोस्टॅटिक एक्स्टेन्शन' म्हणजे बाहेर पडलाय. टेकलेल्या कडेची लांबी एक सेंटिमीटरच्या वर असेल तर बाहेर पडल्याचा संशय वाढतो. सेमिनल व्हेसिकल्स: वीर्याच्या या पिशव्या टी-टूवर पांढऱ्या दिसतात, काळा भाग आत शिरलेला असेल तर आजार पुढच्या टप्प्यात धरतात. लसिकाग्रंथी: आखूड बाजू ८ मिलिमीटरच्या वर असेल किंवा आकार गोल असेल तर बघण्यासारख्या. हाडं: टी-वनवर काळा डाग. हाडातला प्रत्येक काळा डाग पसरलेला कॅन्सर नसतो, निरुपद्रवी घट्ट ठिपकाही तसाच दिसतो. त्यासाठी बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन लागतो, पण तो बायोप्सीनंतर आणि ग्रेड (कॅन्सर किती आक्रमक ते) कळल्यावर. घाबरून आधीच पेट स्कॅनची वेळ घेऊ नका. पीएसए शेकड्यात असेल किंवा हाडं दुखत असतील तर गोष्ट वेगळी.

पायरी ८: आता सगळं एकत्र

वय इथे मोजावंच लागतं. ऐंशीच्या पुढच्या पुरुषांत शवविच्छेदन केलं तर सुमारे निम्म्यांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडतात, आणि त्यातले बहुतेक दुसऱ्याच कारणाने गेलेले असतात. म्हणून ८२ वर्षांचे आजोबा, हृदय अशक्त, पायरॅड्स ३, डेन्सिटी ०.०९ असं असेल तर बायोप्सी न करता सहा महिन्यांनी पीएसए बघणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, त्याला हयगय म्हणू नये. याउलट ६८ वर्षांचे, रोज सकाळी टेकडी चढणारे गृहस्थ, पायरॅड्स ४, डेन्सिटी ०.३३: इथे बायोप्सी लांबवण्याला कारण नाही. आणि मधले, म्हणजे पायरॅड्स ३ आणि डेन्सिटी ०.१२ असलेले, यांच्यासाठी एकच बरोबर उत्तर नसतं. आधीचे पीएसए कसे चढले, घरात भाऊ किंवा वडिलांना हा कॅन्सर होता का, गुदमार्गातून बोटाने तपासताना कडक गाठ लागली का, यावर पारडं झुकतं. बोटाला कडक गाठ लागली असेल तर एमआरआय काही म्हणो, बायोप्सीची चर्चा करा.

युरॉलॉजिस्टकडे जाताना हे विचारा: डेन्सिटी औषध धरून किती येते? डाग कुठल्या झोनमध्ये आहे, आणि बायोप्सीत त्यातून किती तुकडे घेणार? (एका डागातून साधारण तीन ते पाच, शिवाय बाकीच्या ग्रंथीतून ठरलेले.) सुई गुदाशयातून जाणार की अंडकोषाच्या मागच्या त्वचेतून? दुसऱ्या मार्गाने जंतुसंसर्ग कमी होतो. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न नुसता माहितीसाठी नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, स्टेंट असलेल्यांनी तर मुळीच नाही. कधी आणि किती दिवस थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि युरॉलॉजिस्ट मिळून ठरवतात.

काही लक्षणं दिसली तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. लघवी पूर्ण तुंबली, थंडी वाजून ताप आला, किंवा पाठ दुखत असताना पायांतली ताकद अचानक गेली, तर रात्र उलटू देऊ नका. शेवटच्या लक्षणात मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

सीडीचं एक सांगायचं राहिलं. फ्यूजन बायोप्सीत एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवून सुई डागात नेतात. त्यासाठी मूळ डिजिटल फाइल लागते, फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. सीडी ओरखडे पडून बंद पडू शकतात आणि काही सेंटर जुना डेटा पुसून टाकतात. घरी आल्या आल्या सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि त्यावर तारीख, पीएसए आणि चालू औषध लिहून चिठ्ठी चिकटवा. पुढच्या वर्षी दुसरा एमआरआय झाला तर रेडिऑलॉजिस्ट सर्वांत आधी हाच मागतील.